मैफलीचं एचडी रेकॉर्डिंग मधेच फुटतंय, टीव्हीवर रेघा येताहेत, आणि कलाकारांसाठी तुकडे करायचेत (हरिपूर, सांगली)

हरिपूरकर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला काय कळणार म्हणून.

आमच्या हरिपूरला घरगुती बैठक झाली. आधी गायन, चहापाण्यानंतर सतार, कलाकार सगळे मिरजेचे. दोन कॅमेरे होते. एक आमचा जुना हँडीकॅम, समोर मधोमध स्टँडवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चालू. दुसरा पुतण्याचा नवा मिररलेस, फोरके, तो बाजूनं. आणि आवाज वेगळा, मिक्सरमधनं वायर काढून छोट्या रेकॉर्डरवर घेतलाय.

आता अडचणी. हँडीकॅमच्या कार्डावर एकच सलग रेकॉर्डिंग असताना ०००००, ००००१, ००००२ अशा एमटीएस फाईली झाल्यात, प्रत्येक २ जीबीची. एकामागनं एक लावल्या तर सांध्यावर आवाज कणभर तुटतो, आणि एक सांधा नेमका विलंबित ख्यालाच्या आलापात आलाय, ऐकवत नाही. त्याच फाईली टीव्हीवर लावल्या की सतारवाल्यांचा हात हलला की बोटांच्या कडेला आडव्या रेघा रेघा दिसतात. द्रुत गतीत एका ठिकाणी हिरवे चौकोन उडतात आणि लगेच जातात. मिररलेसची फाईल लॅपटॉपवर लावली तर आवाज चालू राहतो आणि चित्र मात्र अडकत अडकत पुढं जातं, आणि ती टीव्हीच्या पेनड्राईव्हवर कॉपीच होईना, फाईल मोठी आहे म्हणतंय.

शेवटचं आणि मुख्य, प्रत्येक कलाकाराला त्याचा त्याचा भाग वेगळा काढून द्यायचाय. शहरातल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले सगळं कन्व्हर्ट करावं लागेल. नमुना करून दिला तर चित्र इतकं पुसट की तानपुऱ्याच्या तारा दिसेनात. मूळ फाईलीत त्या तारा स्पष्ट दिसताहेत ओ. दर्जा न घालवता तुकडे होतात का? कार्ड अजून तसंच ठेवलंय, काही पुसलेलं नाही.

विट्याचा_शूटिंगवाला

कार्ड पुसलं नाही हे लई भारी काम केलंय. आता त्या कार्डाचं लॉकचं बटण खाली करा आणि हे सगळं मिटेपर्यंत त्यावर काही लिहू नका.

दादा, तुमच्या पाच तक्रारी दिसताहेत पण त्यातली खरी फाईलीची खराबी फक्त एक असायची शक्यता आहे. ओळखायचं कसं सांगतो. चित्र अडकतंय पण आवाज नीट चाललाय, तर फाईल ठीक आहे, मशीनला ती उलगडायला झेपत नाही. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात आणि परत सुरू होतात, तर डिस्क किंवा पेनड्राईव्हवरनं डेटा वेळेत येत नाही. आणि कुठल्याही प्लेअरवर, कुठल्याही मशीनवर अगदी त्याच सेकंदाला चौकोन उडतात, तर ती फाईलच दुखावलेली आहे. आधी एवढी चाचणी घ्या. लोक हे न बघता सरळ कन्व्हर्टला लावतात आणि मग दुखणं राहतं आणि दर्जाही जातो.

तर हिरवे चौकोन व्हीएलसीवर, दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर आणि टीव्हीवर अगदी एकाच जागी येतात का ते सांगा. व्हीएलसीच्या सेटिंगमधे इनपुट कोडेक्समधे हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ ग्राफिक्सच्या चिपवर उलगडायची सोय) बंद करूनही एकदा बघा, कधीकधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर असले चौकोन काढतो आणि फाईलीचा काही दोष नसतो.

विश्रामबाग_४१६४१५

मिररलेसबद्दल मी सांगतो. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाका आणि तीन गोष्टी इथे लिहा : फॉरमॅट, बिट डेप्थ (रंगाच्या किती पायऱ्या) आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती बारकाईनं साठवलीय). आणि लॅपटॉप कुठल्या जनरेशनचा आहे तेही.

हरिपूरकर

मीडियाइन्फो म्हणतंय एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२, बिटरेट १०० एमबीपीएसच्या आसपास. लॅपटॉप आय-फाईव्ह आठवी जनरेशन, ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही.

चौकोन सगळीकडं त्याच सेकंदाला येताहेत. हार्डवेअर डिकोडिंग बंद करूनही तिथंच.

विश्रामबाग_४१६४१५

मग मिररलेसचं कोडं सुटलं. आठव्या जनरेशनच्या इंटेलमधे एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) १० बिट उलगडणारी सोय चिपमधेच आहे, पण ती ४:२:० साठी, म्हणजे रंग कमी बारकाईनं साठवलेल्या फाईलींसाठी. ४:२:२ आलं की ते सगळं काम प्रोसेसरच्या अंगावर येतं आणि तो १०० टक्क्याला जाऊन धापा टाकतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, व्हिडिओ डिकोडचा आलेख शून्यावर पडलेला दिसेल आणि सीपीयू गच्च भरलेला. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून ही ४:२:२ ची सोय चिपमधे आहे. एनव्हिडियाच्या कार्डात तर ती थेट आरटीएक्स ५० मालिकेत आली, त्यामुळं गेल्या काही वर्षातली महागडी कार्डं असूनही याच फाईलीवर अडखळणारी मशीनं भरपूर आहेत.

म्हणजे फाईलीत काही बिघाड नाही. एडिटिंग करायचं असेल तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे छोट्या आकाराची हलकी प्रत, तिच्यावर काम करायचं आणि शेवटी आऊटपुट मूळ फाईलीवरनं काढायचं. नुसतं बघायचं किंवा टीव्हीवर लावायचं असेल तर मात्र या एका फाईलीला कन्व्हर्ट करणं भाग आहे, कारण घरातले बहुतेक टीव्ही ४:२:२ उलगडतच नाहीत. हँडब्रेक हे कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर वापरा, ४:२:० होईल, क्वालिटीचा आकडा १८ ते २० च्या दरम्यान ठेवा, आवाज एएसी करा. कन्व्हर्ट या शब्दाला घाबरू नका, दुकानात चित्र पुसट झालं ते बिटरेट फार खाली आणल्यामुळं.

आणि पेनड्राईव्ह फॅट३२ असणार, म्हणजे त्यावर फाईली मांडायची एक पद्धत. फॅट३२ मधे एक फाईल ४ जीबीच्या वर जातच नाही, पेनड्राईव्ह १२८ जीबीचा असला तरी. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. पेनड्राईव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करून टीव्ही वाचतो का बघा. नवे बहुतेक वाचतात, जुन्यांचं सांगता येत नाही.

तंबोरा_मिरज

आलापात तुटतंय म्हटल्यावर राहवेना, म्हणून लिहितोय. मी स्वतः साथीला बसतो आणि गेली बरीच वर्षं इथल्या बैठका रेकॉर्ड करतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत वाद्यं बनतात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्र रात्र गाणं चालतं, आणि एवढं गाणं होऊनही कित्येक रेकॉर्डिंगं असल्याच सांध्यांवर तुटलेली आहेत. ते तुटलेलं नसतं हो, नीट जोडलेलं नसतं.

हरिपूरकर, तुमचा हँडीकॅम एव्हीसीएचडी पद्धतीचा आहे, २००६ ची ती पद्धत. कॅमेरा एकच सलग प्रवाह लिहीत असतो. फाईल ठराविक आकाराला पोचली, कुणाचा कॅमेरा २ जीबीला, कुणाचा ४ जीबीला, की तो तिथंच ती बंद करून पुढची उघडतो, मधे एक बाईटही न गाळता. पण आवाजाचं एखादं पाकीट अर्धं या फाईलीत आणि अर्धं पुढच्या फाईलीत पडतं. आता तुम्ही दोन फाईली सॉफ्टवेअरमधे शेजारी शेजारी ठेवल्या की ते या फाईलीतलं अर्धं पाकीट अपुरं म्हणून टाकून देतं आणि त्या फाईलीतलंही टाकून देतं. तेवढाच आवाज जातो. चित्रात कळत नाही, पण आलापाच्या लांब स्वरात टचकन कळतं.

उपाय सोपा आहे. फाईली उघडून जोडायच्याच नाहीत, बाईटला बाईट चिकटवायचा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधे कॉपीची कमांड आहे तिला बायनरीचा बी स्विच लावायचा, मग फाईलींची नावं क्रमानं आणि प्रत्येक दोन नावांच्या मधे अधिकचं चिन्ह, शेवटी नव्या फाईलीचं नाव. काही कन्व्हर्ट होत नाही, मोठी फाईल कॉपी व्हायला लागतो तेवढाच वेळ. ज्या ड्राईव्हवर नवी फाईल बनणार तो एनटीएफएस किंवा एक्सफॅट पाहिजे, नाहीतर ४ जीबीला अडेल.

हे फक्त एमटीएसला चालतं, आणि एकाच सलग रेकॉर्डिंगच्या फाईलींना. मधे कॅमेरा थांबवून परत चालू केला असेल तर तो नवा प्रवाह, तो यात घालू नका. एमपीफोर असली फाईल अशी चिकटवली तर पहिलाच भाग दिसेल.

विट्याचा_शूटिंगवाला

तंबोरा साहेब अगदी बरोबर. भर घालतो, कार्डावरनं नुसत्या एमटीएस फाईली उचलायच्या नाहीत, प्रायव्हेट नावाचं फोल्डर अख्खं उचलायचं. त्याच्या आत एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, त्यात स्ट्रीम, प्लेलिस्ट, क्लिपइन्फ असं सगळं असतं. कुठली फाईल कुठल्या फाईलीचा पुढचा भाग आहे हे त्या प्लेलिस्टमधे लिहिलेलं असतं. फोल्डर अख्खं असेल तर प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधनं घेतल्यावर ते आपोआप एकच क्लिप म्हणून येतं, सांधा कळतसुद्धा नाही. आमच्या लग्नाच्या धंद्यात बरेच जण फक्त स्ट्रीममधल्या फाईली ओढून घेतात आणि मग मंगलाष्टकात आवाज का उडाला म्हणून शोधत बसतात.

हिरव्या चौकोनाचं, आता फाईलच दुखावलीय हे नक्की झालं. पण कार्डावरची का कॉपी केलेली? कार्ड दुसऱ्या रीडरनं लावून थेट कार्डावरनंच ती जागा वाजवा.

हरिपूरकर

कार्डावरनं नीट वाजतंय! चौकोन नाहीत. दोनतीनदा मागंपुढं करून बघितलं, स्वच्छ. म्हणजे कॉपी करतानाच काहीतरी झालं.

विट्याचा_शूटिंगवाला

मग चांगल्या रीडरनं, मधे हब न घेता, लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टला लावून परत कॉपी करा आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा हॅश, म्हणजे फाईलीतल्या डेटावरनं निघणारा तिचा ओळख-आकडा, ताडून बघा. विंडोजमधे सर्टयुटिलच्या कमांडनं निघतो, किंवा टेराकॉपी वापरलं तर कॉपी झाल्यावर स्वतःच पडताळणी करतं. दोन्हीकडचे आकडे तंतोतंत सारखे आले की मगच कार्डाचा विचार सोडायचा. फाईलीचा आकार सारखा दिसतो म्हणून कॉपी बरोबर झाली असं धरू नका, आतला एखादा तुकडा बिघडला तरी आकार तोच राहतो.

आणि कार्ड स्वस्तात घेतलेलं असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरनं तपासा, पण सगळी कॉपी काढून झाल्यावरच, कारण तो कार्ड पूर्ण भरून बघतो. बाजारात ६४ जीबी म्हणून विकलेली पण आत त्याच्या निम्मीही जागा नसलेली कार्डं फिरताहेत. जागा संपल्यावर फाईलींची नावं दिसत राहतात आणि आत कचरा असतो.

विश्रामबाग_४१६४१५

चौकोन लगेच का गेले तेही सांगून टाकतो, कारण तुकडे करायला तीच गोष्ट कामाला येते.

एच२६४ किंवा एचईव्हीसीमधे प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र, त्याला की-फ्रेम म्हणायचं, आणि मधल्या चित्रांमधे फक्त काय बदललं एवढंच. मधे कुठं डेटा बिघडला तर पुढची सगळी चित्रं त्या बिघाडावरच उभी राहतात, पुढची की-फ्रेम आली की पाटी कोरी. तुमच्या हँडीकॅममधे साधारण अर्ध्या सेकंदाला की-फ्रेम असते म्हणून चौकोन अर्ध्या सेकंदात गेले. एक्स२६४ एनकोडरची मूळ सेटिंग ठेवून बनवलेल्या फाईलीत हे अंतर २५० फ्रेमपर्यंत जातं, म्हणजे २५ च्या वेगाला दहा सेकंद. तसल्या फाईलीत एक बिघाड दहा सेकंद दिसत राहतो.

आता तुकडे. दर्जा अजिबात न घालवता तोडायचं तर तोड की-फ्रेमवरच घ्यायची.

तंबोरा_मिरज

गाणाऱ्यांना सांगायचं तर की-फ्रेम म्हणजे सम. मधल्या मात्रेवरनं उचलायला गेलात तर ठेका कुठं आहे तेच कळत नाही, समेवरनं उचला.

विश्रामबाग_४१६४१५

वा, हे लक्षात राहील.

तर लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. फाईल आत ओढा, प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट खूण करा, मागच्या आणि पुढच्या की-फ्रेमवर उडी मारायची बटणं आहेत. कटची पद्धत ‘की-फ्रेम कट’ ठेवा. मग तुम्ही जिथं खूण केली त्याच्या आधीच्या की-फ्रेमपासून तुकडा सुरू होतो, म्हणजे जास्तीत जास्त अर्धा सेकंद जादा येईल. दुसरी पद्धत आहे ‘नॉर्मल कट’, तिच्यात आवाज बरोबर जागेवर सुरू होतो पण चित्र पुढची की-फ्रेम येईपर्यंत काळं किंवा गोठलेलं राहतं, आणि काही टीव्हींवर तर आवाज पुढं आणि ओठ मागं असं होतं. मैफलीला पहिलीच पद्धत घ्या, दोन रागांच्या मधे टाळ्या असतात, तानपुरे लावणं असतं, तिथं अर्ध्या सेकंदानं कुणाचं काही जात नाही.

एखाद्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीला दोनचार फ्रेम तुटलेल्या दिसल्या तर घाबरू नका. काही कॅमेरे अशा रचनेनं लिहितात की की-फ्रेमनंतरची पहिली काही चित्रं मागच्या गटातल्या चित्राचा आधार घेतात आणि तो आधार कापला गेलेला असतो. एक की-फ्रेम मागं जाऊन सुरुवात घ्या, झालं.

आणि नुसते आकारानं तुकडे हवे असतील, म्हणजे ४ जीबीच्या आत बसावेत एवढंच, तर एमकेव्हीटूलनिक्स. आऊटपुटच्या भागात स्प्लिट बाय साईज आहे, ३८०० एमबी द्या, की-फ्रेम बघून तोडतो. फाईल एमकेव्ही होते, बरेच टीव्ही वाचतात. पण साधी फाईल तोडणारी जी जुनी सॉफ्टवेअरं आहेत, बाईट मोजून भाग पाडणारी, ती एमपीफोरला वापरू नका. भाग होतील पण एकटा कुठलाच भाग धड वाजणार नाही, परत जोडल्याशिवाय.

हँडब्रेकनं कधीच नुसतं तोडता येत नाही, तो प्रत्येक वेळी नव्यानं एनकोड करतो. दुकानवाल्यांच्या हातात तेवढंच हत्यार असेल तर ते कन्व्हर्टच म्हणणार.

नाट्यवेडा_सांगली

मी नाटकांचं रेकॉर्डिंग करतो, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं मराठी नाटक उभं केलं त्या गावात राहून प्रयोग साठवून ठेवायचे नाहीत हे मला पटतच नाही, म्हणून हौशी संस्थांचे प्रयोगही मी सोडत नाही. दोन गोष्टी सांगतो.

बोटांच्या कडेच्या रेघा म्हणजे इंटरलेस. १०८०आय ५० मधे एका सेकंदात ५० अर्धी चित्रं असतात, विषम ओळी आधी आणि सम ओळी नंतर. हात मधल्या वेळात सरकला की दोन अर्ध्या चित्रांत तो दोन ठिकाणी, म्हणून रेघा. फाईल खराब नाही. व्हीएलसीमधे डी बटण दाबा, लगेच जातात. त्यात यादिफ २एक्स निवडलं तर ५० पूर्ण चित्रं करून दाखवतो आणि हालचाल गुळगुळीत दिसते. कायमचं काढायचं असेल तर हँडब्रेकच्या डीइंटरलेसमधे बॉब निवडा, ५० राहू द्या. २५ केलं तर सतारीचा झाला वाजताना उजवा हात नुसता धूसर ढग दिसेल, मिजराब कुठं लागतेय ते दिसणार नाही, आणि शिकणाऱ्या मुलांना तेच तर बघायचं असतं.

दुसरं, कुणाच्या रेकॉर्डिंगमधे उजेडाच्या जाड पट्ट्या वरखाली सरकत असतील तर तीही फाईलीची खराबी समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्ट्या जातात. रेकॉर्ड झाल्यावर काढणं फार जिकिरीचं, त्यामुळं प्रयोगाआधी दिवे लावून एकदा बघून घ्यावं.

माण_खटाव

सातारा जिल्ह्यातनं. मोबाईलवर बैलगाड्यांचं शूटिंग घेतो, ६० फ्रेमवर. एडिटिंगला घेतलं की सुरुवातीला आवाज बरोबर आणि शेवटाकडं घाटातली आरोळी चित्राच्या नंतर ऐकू येते. मोबाईलवर लावलं तर सगळं ठीक. ही पण फाईल फुटलीय का?

विट्याचा_शूटिंगवाला

नाही भाऊ, फाईल ठणठणीत आहे. मोबाईल फ्रेमचा वेग बदलता ठेवतो, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की कधी ६० कधी ५७. प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ बघून दाखवतो म्हणून तिथं बरोबर, एडिटिंग सॉफ्टवेअर सरळ ६० धरून चालतं म्हणून घसरतं. मीडियाइन्फोत फ्रेमरेट मोड व्हेरिएबल दिसेल. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेकमधे कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घ्या. नुसते तुकडे करायचे असतील तर काही करू नका, लॉसलेसकटला बदलत्या वेगाचं काही वाटत नाही.

तासगावची_शिक्षिका

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग चालू असताना लाईट गेली. कॅमेरा अडॅप्टरवर चालू होता, बॅटरी आत नव्हती. आता शेवटची एमपीफोर फाईल उघडतच नाही, पण तिचा आकार ६ जीबी दाखवतोय. त्यात लहान गटाच्या मुलांची नाटिका आहे, पालक रोज विचारताहेत. काही करता येईल का?

विश्रामबाग_४१६४१५

ताई, आकार ६ जीबी दाखवतोय म्हणजे मुलांची नाटिका आत आहे, धीर सोडू नका. एमपीफोरमधे कुठली फ्रेम कुठं आहे याची अनुक्रमणिका असते, तिला मूव्ह अॅटम म्हणतात, आणि बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहितात. लाईट गेल्यामुळं ती लिहिली गेली नाही.

आधी कार्डावरची ती फाईल कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. मग कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालून बघा, पुष्कळ कॅमेरे चालू होताना अपुरी फाईल ओळखून दुरुस्त करू का असं विचारतात. नाही विचारलं तर अनट्रंक नावाचं साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यानं त्याच सेटिंगवर काढलेली एक धड फाईल द्यावी लागते, तिच्यावरनं तो रचना शिकतो आणि तुटलेल्या फाईलीची अनुक्रमणिका नव्यानं बांधतो. त्याच दिवशीची आधीची एखादी फाईल द्या, सेटिंग तीच असणार. कार्ड मात्र फॉरमॅट करू नका, आणि कॉम्प्युटरनं कार्ड दुरुस्त करू का विचारलं तर नको म्हणा.

तासगावची_शिक्षिका

कॅमेऱ्यानं काही विचारलं नाही. माझ्या भाच्यानं अनट्रंकनं केलं, त्याच संध्याकाळची स्वागतगीताची फाईल नमुना म्हणून दिली. अगदी लाईट जाईपर्यंतचं सगळं आलं! शेवटच्या दृश्यात झाड झालेली दोन मुलं हात वर करून उभी आहेत तिथपर्यंत. फार फार आभार. पालकांना व्हॉट्सअॅपवर कसं पाठवायचं?

विट्याचा_शूटिंगवाला

ताई, व्हिडिओ म्हणून पाठवलं तर व्हॉट्सअॅप दाबून बारीक करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. लॉसलेसकटनं नाटिका वेगळी काढा, २ जीबीच्या वर जात असेल तर दोन भाग करा. आणि पुढच्या वेळी कॅमेऱ्यात बसणारा जोड असेल तर बॅटरी आतच ठेवून बाहेरनं करंट द्या, लाईट गेली तरी कॅमेरा बंद पडत नाही.

हरिपूरकर

मंडळी, सविस्तर कळवतो. परत कॉपी केली, हॅश जुळला, द्रुतातले चौकोन गेले. कॉपी कमांडनं सगळ्या एमटीएस चिकटवल्या. आलापातला सांधा हेडफोन लावून ऐकला, सांधा कुठं होता ते मलाच सापडेना. लॉसलेसकटनं तुकडेही झाले आणि तानपुऱ्याच्या तारा जशाच्या तशा आहेत.

आता एकच राहिलंय. रेकॉर्डरवरचा आवाज फार सुंदर आलाय, तो हँडीकॅमच्या चित्राला लावायचाय. सुरुवातीला टाळी जुळवली तर बरोबर बसतो पण सतारीच्या शेवटाकडं ठेका आणि तबलजींचा हात किंचित मागंपुढं दिसतो.

तंबोरा_मिरज

दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत, तासाभरात काही फ्रेमचा फरक पडतोच. आवाज ताणून किंवा आखडून बसवू नका, सतारीच्या तरफांचा गुंजारव त्यात लगेच खराब होतो, ज्याला कान आहे त्याला कळतं. तुम्ही आता तुकडे केलेतच ना, मग प्रत्येक तुकड्याला आवाज वेगळा जुळवा. तबल्याची ‘धा’ पडताना हात दिसतो, ती फ्रेम आणि आवाजातलं ते टोक एकत्र आणा. वीसपंचवीस मिनिटांच्या तुकड्यात जो फरक उरतो तो डोळ्याला दिसत नाही.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर होता का ४४.१ वर ते मात्र नक्की बघा. ४४.१ चा आवाज सॉफ्टवेअरनं चुकून ४८ समजून वाजवला तर तो भरभर पळतो आणि पट्टी जवळजवळ दीड स्वर-पायरी, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीनं वर चढते. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठंतरी, कुठल्याच पेटीवर न सापडणाऱ्या जागी जाऊन बसतं. गायकाला अशी प्रत कधी देऊ नका, त्याला स्वतःचा आवाज परका वाटतो आणि तो तुम्हाला संकोचानं सांगतही नाही. पेटी घेऊन षड्ज लावून बघा, जुळला की निर्धास्त.

हरिपूरकर

रेकॉर्डर ४८ वरच होता. पेटीवर षड्ज लावून बघितला, काळी एक, बरोब्बर. तुकड्यागणिक जुळवला आणि आता ‘धा’ आणि हात एकत्र पडताहेत.

कलाकारांना द्यायला ३२ जीबीचे पेनड्राईव्ह आणलेत, दुकानातनं आलेले सगळे फॅट३२ आहेत. गायनाचा मोठा तुकडा ४ जीबीच्या वर जातोय. एक्सफॅट करू का? बुवांचा टीव्ही जुना आहे.

विट्याचा_शूटिंगवाला

बुवांच्या पेनड्राईव्हला फॅट३२च राहू द्या आणि त्यांचा विलंबित आणि द्रुत वेगळा करून दोन फाईली द्या, मधे लय बदलते तिथली की-फ्रेम घ्या. बाकीच्यांना एक्सफॅट करा. आणि पेनड्राईव्ह काढताना सेफली रिमूव्ह करूनच काढा, नाहीतर शेवटची फाईल अर्धीच लिहिली जाते आणि परत हिरवे चौकोन म्हणून फोन येतो.

हरिपूरकर

तसंच करतो. प्रायव्हेटचं अख्खं फोल्डर दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवलंय, दोन्हीकडचा हॅश जुळलाय. आता कार्ड फॉरमॅटला कॅमेऱ्यात घालतोय, पुढची बैठक जवळ आलीय.